नवऱ्याला नळाचा वायसर बदलता येत नाही, म्हणून तो मनातून उतरतो का?

खडीसाखर

परवा ऑफिसात डबा खाताना विषय निघाला. आमच्यातली एक, लग्नाला वर्षही झालेलं नाही, बोलता बोलता बोलून गेली, "तसा गुणी आहे गं, पण ट्यूब बदलायलासुद्धा इलेक्ट्रिशियन बोलावतो. तो वर चढलेला असतो आणि हा खाली उभा राहून माना वर करून बघतो, तेव्हा मला तो अगदी नको होतो." दोघींनी तिला झापलं, एकीने मान डोलावली, बाकीच्या गप्प पोळीचे तुकडे करत बसल्या. गप्प बसणाऱ्यांत मी.

आमचे हे सीए. आयकराची कलमं-पोटकलमं तोंडपाठ, पण बाथरूममधला अँगल कॉक कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो याचा शोध दर वेळी नव्याने लावतात. त्याचं मला खरंच काही वाटत नाही. खटकतं ते असं, की कारागीर आला की हे त्याच्या प्रत्येक वाक्याला "हो हो, करून टाका" म्हणतात. मागे सिंकखालचा बॉटल ट्रॅप गळत होता. प्लंबर म्हणाला सगळी लाइन काढावी लागेल, वरची जाळीसुद्धा नवी टाकू. ह्यांची मान हललेली. मी आतून येऊन विचारलं, ट्रॅपचा वायसर बदलून बघितला का? नव्हता बघितला. तेवढ्यावर काम भागलं. पैसे वाचले म्हणून खूश व्हायचं सोडून मी दिवसभर ह्यांच्यावर धुमसत होते.

तर सांगा. हात न चालणारा जोडीदार (नवरा काय, बायको काय) तुमच्या मनातून थोडा तरी उतरतो का? 'प्रेम असलं की बाकी सगळं गौण' छापाची उत्तरं नकोत, ती व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंगसोबत येतात.

कोथरूडकर

उतरतो की नाही ते माहीत नाही, पण ज्याला येतं तो चढतो हे नक्की. आमच्याकडे प्लंबर "निघालोच" म्हणाला की उद्या संध्याकाळ धरायची. तोवर गच्चीवर जाऊन वीस-बावीस व्हॉल्व्हमधून आपल्याच फ्लॅटचा व्हॉल्व्ह ओळखून जो बंद करेल, तो सोसायटीतल्या तमाम महिलावर्गाच्या लेखी मदनाचा पुतळा.

(आमच्या बिल्डिंगमध्ये हा मान तिसऱ्या मजल्यावरच्या पंचाहत्तरी उलटलेल्या आजोबांकडे आहे.)

टेस्टर

आयडीवर जाऊ नका, माझं दुःख वेगळं आहे. पदवी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची. पहिल्या दिवाळसणाला सासरी आकाशकंदील लागेना. सासूबाई म्हणाल्या, "थांबा रे, जावईबापू इलेक्ट्रिकलचेच आहेत." झालं, सगळं घर अंगणात. कॉलेजात ट्रान्सफॉर्मरची समीकरणं सोडवून घेतली, मोटारीचे आलेख काढून घेतले, पण बल्बचा होल्डर उघडून कुणी दाखवला नव्हता. शेवटी मेहुण्याने, जो बी.कॉम. आहे, बटण बंद करून होल्डरमधली आत दबलेली पिन बाहेर ओढली आणि कंदील लागला.

बायको हा किस्सा अजून सांगते. हसून सांगते, पण सांगतेच.

निळीशाई

प्रश्नातच 'नवरा' का गृहीत धरलाय ते कळलं. कंसात बायको टाकलीत म्हणून माफ.

आमच्या घरात पाना-पकड माझ्याकडे. वडिलांचं सायकलचं दुकान होतं, त्यामुळे हात काळे व्हायची भीती लहानपणीच गेली. मागच्या उन्हाळ्यात हॉलचा पंखा पाचवर ठेवला तरी दोनसारखा फिरायला लागला. नवरा म्हणाला, गेला वाटतं, नवीन घेऊ. म्हटलं थांब. पंखा हळू झाला की दहातल्या आठ वेळा कपॅसिटर असतो. मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, रॉडवरची वाटी खाली सरकवली. आत काळा चपटा डबा, त्यावर बारीक अक्षरात २.५ मायक्रोफॅरड. त्याच आकड्याचा नवा डबा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणला (वडापावाच्या दोन-तीन प्लेटींच्या भावात येतो), जुन्याच्या दोन वायरी जिथे होत्या तिथेच नव्याच्या जोडल्या, टेप गुंडाळली, वाटी वर. पंखा पूर्वीसारखा भन्नाट.

हे चालू असताना शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या. मला स्टुलावर बघून दारातच थबकल्या. "अगं, हे घरात नाहीत का?" म्हटलं, "आहेत ना, आत पोळ्या लाटतायत." काकूंच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मला अजून पुरतं वाचता आलेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर: नाही, तो मनातून उतरत नाही. पण त्याला जर माझ्या हातातल्या पान्याची लाज वाटली असती, पाहुण्यांसमोर "हिला उगाच नाद आहे" असं तो म्हणाला असता, तर उतरला असता. काही जणांचे नवरे तसं म्हणतात.

अटलांटाकाकू

इकडे हा प्रश्न सरळ पैशांचा आहे बाई. प्लंबर नुसता दारात उभा राहिला तरी पुण्यात पूर्ण बाथरूमचे नळ बदलून होतील एवढे डॉलर जातात. त्यामुळे दादरच्या चाळीत वाढलेले, आयुष्यात खिळा न ठोकलेले आमचे हे चाळिशीनंतर यूट्यूब बघून तयार झाले. इथल्या भिंती विटांच्या नसतात, लाकडाच्या पट्ट्या आणि त्यावर जिप्समचे बोर्ड. पट्टी नेमकी कुठे आहे ते शोधून तिथेच स्क्रू मारावा लागतो, नाहीतर टीव्हीसकट भिंतीचा तुकडा हातात. कमोडच्या टाकीतलं रबरी झाकण बदलायला ते शिकले त्या दिवशी घरात सण होता.

आणि हो, आकर्षण वाढलं. कबूल करते. साठीचा माणूस कमरेला टेप लावून गॅरेजमधून आत येतो ना, बरं दिसतं ते.

पण याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. एकदा का यांना 'येतं' हे कळलं की कारागीर बोलावणं बंद. खालच्या बाथरूमच्या फरश्या उखडल्या त्या उन्हाळ्यात, नव्या बसल्या पुढच्या उन्हाळ्यात. मधल्या काळात सगळे पाहुणे वरच्या मजल्यावर. होम डेपोचं मुख्यालय आमच्याच गावात आहे, आणि दर शनिवारी यांची वारी तिथे. आपला आळंदी-पंढरपूरवाला वारकरी निदान वर्षातून एकदाच जातो हो.

म्युनिकवासी

काकू +१. जर्मनीत तर भाड्याचं घर घेतलं की बऱ्याचदा आत स्वयंपाकघरच नसतं. ओटा, कपाटं, शेगडी, सगळं आधीचा भाडेकरू काढून घेऊन जातो किंवा तुम्हाला विकतो. दिवेही नेतो. छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. मी नगरहून आलो तेव्हा पहिले काही दिवस टेबललॅम्पच्या उजेडात काढले, कारण कुणाला बोलवायचं ते माहीत नव्हतं आणि बोलावलं असतं तर परवडलं नसतं.

इथल्या मुलामुलींना यात काही विशेष वाटत नाही. ऑफिसातली बाई शनिवारी स्वतः घर रंगवते आणि सोमवारी नखांना रंग घेऊन येते. त्यामुळे "मला ड्रिल चालवता येतं" याने इथे कुणी भाळत नाही, भाजी चिरता येण्यासारखं ते. येत नसेल तर मात्र चमकून बघतात.

जाता जाता, रविवारी ड्रिल लावायचं नाही. शेजारी पोलिसांना फोन करतात.

सांजवारा

मी उलट बाजूने लिहिते. माझ्या आधीच्या नवऱ्याला सगळं यायचं. गीझर, मिक्सर, इनव्हर्टर, दाराचं रंधाकाम. नातेवाइकांत त्याच्या हाताचं कौतुक. घरात मात्र एखादी गोष्ट बिघडली की मला धडकी भरायची. आधी "कुणी बिघडवलं?" याची चौकशी. मग बाहेरच्या माणसाला बोलवायचं नाही, कारण "मी असताना कशाला?" मग ते त्याच्या सवडीने, आणि झाल्यावर पुढचा आठवडाभर उपकार. मिक्सरचा कपलर बदलला म्हणून मी आईकडे जायचं पुढे ढकललंय.

आता एकटी राहते. प्लंबर येतो, तीनशे रुपये घेतो, चहा पितो, जातो. मी त्याचं काही देणं लागत नाही. तुम्हाला हे सुख कळायचं नाही कदाचित.

कोथरूडकर

सांजवारा, नमस्कार घ्या. यावर विनोद सुचत नाहीये.

बोरकूट

आमच्या पिढीचं थोडं. तेव्हा वस्तू उघडता यायच्या. इस्त्रीला दोन नट, काढले की आत अभ्रकात गुंडाळलेलं एलिमेंट, तुटलेलं दिसायचं. फ्यूज चिनी मातीचा, त्यात तार घातली की काम भागलं (चुकून जाड तार घातली तर घर पेटायचीही सोय होती). स्टोव्हला पिन, कुकरला गॅस्केट, सायकलला पंक्चर. येत नाही म्हणायची पंचाईतच होती, कारण दुरुस्तीला टाकायचं म्हणजे पगारातून काढायचं. आता एलईडी बल्ब गेला की काय उघडणार? चार्जर गेला तर काय? सगळं चिकटवून बंद केलेलं. नव्या पोरांना येत नाही म्हणून नावं ठेवताना आपण त्यांच्या हातात काय दिलं तेही बघावं.

आकर्षणाचं म्हणाल तर आमची ही त्या बाबतीत एक अक्षर कधी बोलली नाही. पण वाड्यात कुणाची लाइट गेली की मला न विचारता परस्पर सांगून मोकळी व्हायची, "थांबा, यांना पाठवते." मी कटकट करत जायचो. मेणबत्ती धरायला ती मागोमाग यायची. तिला यायचं काही कारण नसायचं.

प्रश्नचिन्ह

सगळं गोड चाललंय, जरा मीठ टाकतो.

वर ज्यांनी ज्यांनी 'हात चालणारा पुरुष आवडतो' असं लिहिलंय त्यांना एक विचारतो. स्थळं बघताना 'आयटीआय, वायरमन' किंवा 'आयटीआय, प्लंबर' असा बायोडेटा आला तर तुमच्या घरात तो किती वेळ टेबलावर राहिला असता? तो तर हे सगळं तुमच्या नवऱ्यापेक्षा दसपटीने चांगलं करतो. मग आवडतं ते कौशल्य कुठे? आवडतो तो आधी लाखभर पगार असलेला आणि वर रविवारी गंमत म्हणून पाना धरणारा. पोटासाठी तेच करणाऱ्याला आपण "ए, चप्पल बाहेर काढ" म्हणतो आणि पाणी वेगळ्या ग्लासात देतो. हो, देतो. घरोघरी बघितलंय.

आणि ज्यांना काही येत नाही त्या साहेबांचंही तेच. "मला बाई यातलं काही कळत नाही" हे वाक्य किती मजेत म्हटलं जातं बघा. "मला वाचता येत नाही" असं कुणी हसत सांगेल का? हाताने करायचं काम कुणाचं आणि नुसतं बघायचं कुणाचं, हे गावगाड्यात ठरलेलं होतं. सुतार, लोहार, चांभार यांना वर्षाकाठी बलुतं दिलं की आपली बोटं स्वच्छ. फ्लॅटमध्ये आलो तरी तेच चालू आहे, बलुत्याच्या जागी व्हिजिट चार्ज आला एवढंच.

असंच झालं पाहिजे असं काही नव्हतं. १९३७ साली वर्ध्याला गांधींनी नयी तालीम मांडली, हातातल्या उद्योगातून शिक्षण. त्यातलं आमच्या शाळेपर्यंत काय पोचलं? 'कार्यानुभव' नावाचा तास, क्रेप कागदाची फुलं, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी आईने करून दिलेलं पायपुसणं. पुणे जिल्ह्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथे पोरं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती हे सगळं करत करत शिकतात. किती मध्यमवर्गीय आईबापांनी आपलं पोर तिथे वर्षभर पाठवलं? आपण कोटाला पाठवतो.

'हलकं घ्या' म्हणणार नाही. घेतलंत तर जड घ्या.

टेस्टर

प्रश्नचिन्ह, मुद्दा बिनतोड आहे, पण प्रत्येक धाग्यात गावगाडा आणायलाच हवा का? इथे नळ गळतोय.

प्रश्नचिन्ह

नळ दुरुस्त करायला कोण येतंय त्यावर बोलतोय मी. विषयाला धरूनच आहे.

सातारी_कंदी

मी रोज वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो, कारण वर ज्याचा बायोडेटा म्हणालात तो मीच. आयटीआय वायरमन, लायसन आहे, पंधरा-सोळा वर्षं हेच काम. स्थळांचं खरं आहे. मुलीकडच्यांना "स्वतःचा व्यवसाय आहे" सांगितलं की बसायचे, "कसला?" विचारलं आणि उत्तर दिलं की चहा लवकर यायचा. शेवटी लग्न झालं ते नात्यातच.

बायकोला मी आवडतो का हे तिला विचारा. आमच्या बेडरूमचा एक स्विचबोर्ड गेली दिवाळी झाल्यापासून एका स्क्रूवर लोंबतोय. दिवसभर लोकांचे बोर्ड बसवून आल्यावर घरचा दिसतच नाही. ती म्हणते दिव्याखाली अंधार. एकदा म्हणाली, बाहेरचा वायरमन बोलावते. मी म्हटलं, बोलाव, मला सांग किती घेतो.

आता लोकांच्या घरात काय दिसतं ते सांगतो. बेल वाजवली की दार बहुतेक ताई उघडतात. काय झालंय ते नीट त्याच सांगतात, "गीझर लावला की पाच मिनिटांनी जातं, नुसता दिवा लावला तर जात नाही." एवढं सांगितलं की माझं अर्धं काम झालं. साहेब आत लॅपटॉपवर असतात. बिल द्यायच्या वेळी येतात आणि म्हणतात, "एवढ्याशा कामाचे एवढे?" काही साहेब सोबत थांबतात, "हे काय, ते कशासाठी" विचारतात, शिडी धरतात. त्यांना काही येत नसतं. पण त्यांच्या घरात वातावरण वेगळं असतं, हे मी खात्रीने सांगू शकतो. ताई त्यांच्याशी बोलताना आवाज चढलेला नसतो.

तिसरे साहेब यूट्यूबवाले. बोर्ड उघडल्या उघडल्या कळतं. अर्थिंगची हिरवी वायर कापून टेप मारून मागे कोंबलेली असते, कारण "तिचं काही काम नव्हतं." एका घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून तो मधून काढून वायर डायरेक्ट केलेली. घरात दोन लहान पोरं. मी काम सुरू करायच्या आधी तो परत बसवला आणि तसं त्यांना सांगितलं. ताई त्या दिवशी साहेबांकडे ज्या नजरेने बघत होत्या ती नजर न येणाऱ्या नवऱ्याला कधीच मिळत नाही. तेव्हा येत नसेल तर नाही म्हणा, त्याने काही बिघडत नाही. बल्ब, ट्यूब, पंख्याचा कपॅसिटर करा खुशाल, मेन बंद करून. बोर्डाच्या आत हात नको.

आणि पाणी वेगळ्या ग्लासात देतात, हे पण खरं आहे.

खडीसाखर

सातारी_कंदी, लिहिलंत हे फार बरं केलंत.

प्रश्नचिन्ह यांचा प्रश्न मी काल डब्याच्या टेबलावर जसाच्या तसा मांडला. जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं तिला विचारलं, "वायरमन चालला असता का तुला?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही गं. वायरिंग येणारा कंपनी सेक्रेटरी." एकदम खरं बोलली. कुणी हसलं नाही, मग सगळ्याच हसल्या.

ह्यांनाही धागा वाचायला दिला. सातारी_कंदी यांचा 'आत लॅपटॉपवर असतात' वाला भाग दोनदा वाचला आणि म्हणाले, "मी तरी निदान बाहेर उभा असतो." मुद्दा मला मान्य करावा लागला. धुमसणं मात्र अजून आहे. "हो हो, करून टाका" म्हणणारा माणूस माझ्या बाजूने उभा नाही असं मला त्या क्षणी वाटतं, आणि ते वाटणं काही तर्काने जात नाही.

निळीशाई

सातारी_कंदी, अवांतर विचारते. आमचाही आरसीसीबी हल्ली पडतो. रोज नाही. गीझर गरम होत आला की, आणि पावसात जास्त. बोअरचं पाणी आहे. यात मी काय बघू शकते?

सातारी_कंदी

ताई, गीझरचा प्लग काढून बाकी सगळं घर चालवून बघा. पडला नाही तर दोष गीझरमध्येच. बोअरच्या पाण्याने एलिमेंटवर पांढरा थर बसतो, आतून तापून वरची नळी तडकते आणि करंट पाण्यात गळायला लागतो. आरसीसीबी ३० मिलीअँपिअरला पडतो तो त्याच्यासाठीच, तो बिघडलेला नाही, वाचवतोय तुम्हाला. तोवर त्या गीझरने अंघोळ नको, बादलीत पाणी काढून पण नको. एलिमेंट तुम्ही बदलू शकाल, पंख्याचं वाचून वाटतं. पण बदलल्यावर अर्थिंग मीटर लावून कुणाकडून तरी तपासून घ्या.

कोथरूडकर

एवढ्या सल्ल्याचा व्हिजिट चार्ज किती हो?

सातारी_कंदी

धाकट्या भावासाठी स्थळ सुचवा, सगळं माफ. आयटीआय, फिटर. स्वयंपाक येतो.